डब्याचं झाकण

— ती चिकटपट्टी माझीच आहे दादा, काढा, खुशाल काढा, त्यात लपवण्यासारखं काय राहिलंय आता. मीच लावली. दाराच्या कडेला ती बारकी कळ आहे ना, दार लागलं की आत दबणारी, ती दाबून ठेवली की ह्या एक्स-रेच्या मशीनला वाटतं दार लागलं. मला कुणी शिकवलं? कुणी नाही. मागच्या खेपेला तुमचेच एक साहेब आले होते, टक्कल असलेले, ते बोटानं दाबून बघत होते आणि मी इथंच खाली फडकं मारत होते. ते इथल्या ताईला, मशीन चालवते तिला, म्हणाले, ही कळ म्हणजे मशीनची अक्कल आहे, हिला फसवायचं नाही. मी फसवली. दुसरी काही अक्कल हाताशी नव्हती म्हणून हिचीच वापरली म्हणा. बसा ना, त्या स्टुलावर बसा, खाली फरशी ओली आहे.

दार कसं वाकलं ते मला काय माहीत. शिशाचं दार, वजनानंच वाकलं असेल. बिजागऱ्या तरी किती दिवस पेलणार. आम्ही बायका नाही का, वजनानं — जाऊ दे. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते. तोंड चालू असलं तरी हात थांबत नाही माझा, सासूबाई पण तेवढं एक मान्य करतात.

खाली गेटवर तुम्हाला भेटलेच असतील आमचे हे. भेटले ना? पांढरी पट्टी, गळ्यात झोळी, त्यात हात. खुर्चीवर बसलेत. रजा मिळत होती, लॅबच्या मॅडम स्वतः म्हणाल्या घरी जा, तर नाही घेतली. कशाला घेतील. घरी बसून पट्टी बघणार कोण? इथं येणारा-जाणारा विचारतो, वॉचमनमामा काय झालं, की हे सांगतात — बायकोनं पोरीचा हात मशीनमध्ये घातला, दार आपटलं, मी पोरीचा हात काढायला गेलो तर माझाच चेपला. लोक पाठीवर थाप मारतात. काल कॅन्टीनवाल्यानं फुकट चहा पाजला. बाप असावा तर असा, म्हणाला. तुम्हालाही सांगितलं असेल. आणि आवाज खाली करून म्हणाले असतील, बायको जरा अशीच आहे, तिच्याशी फार बोलू नका. हो ना? तुमच्या चेहऱ्यावरूनच कळलं मला.

तर घातला. हात घातला पोरीचा, ते खोटं नाही. ठकू तिचं नाव, म्हणजे लाडाचं. तीन पुरी व्हायचीत अजून. पण दादा, दार नव्हतं लावलं. दार उघडंच होतं, म्हणून तर पट्टी लावली. लावायचंच असतं तर पट्टी कशाला लागली असती? हे एवढं साधं अजून कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या आलं का? आलं असेल, तुम्ही शिकलेले.

तुम्हाला पहिलं हेच विचारायचं होतं, सकाळपासून घोकतेय, इंजिनिअर आले की आधी हेच विचारायचं — दार उघडं ठेवून फोटो काढला तर आतलं ते जे काय निघतं, किरण, ते किती लागतं लेकराला? एकदाच काढला. नाही, दोनदा, पहिल्या वेळी ती हलली. मी माझं अंग मध्ये घातलं होतं, अशी आडवी उभी राहिले, आणि तिच्या छातीवर डब्याचं झाकण धरलं. स्टीलचं. ताई म्हणाली होती की धातूच्या पार जात नाही, धातू पांढराफट येतो फोटोत. म्हणून झाकण. आता शिसं कुठलं आणायचं मी? झाकण होतं हाताशी. ह्यांच्या डब्याचं, सकाळी माझ्याच पिशवीत राहिलेलं. पुरेल ना ते? — थोडं म्हणजे किती थोडं? — नाही, तुम्ही म्हणता तर ठीकच असेल. पण थोडं म्हणजे मोठी झाल्यावर काही उगवत नाही ना आतून? परवापासून तिचे केस हातात येतात का बघायचं डोक्यात आहे आणि तीच हाताशी नाही, सासूबाईंनी दवाखान्यातून परस्पर उचलून नेलीय. मला दारातून दाखवलीसुद्धा नाही. आत रडत होती. रडण्याचेही प्रकार असतात दादा, भुकेचं वेगळं, झोपेचं वेगळं. हे तिसरंच होतं.

दुपारी येणार आहेत सगळे. मॅडम, आणि दवाखान्यातली ती बाई, जी ठरवते पोर कुणाकडे राहायचं. इथं येऊन मशीन बघणार, दार बघणार. वाकलेलं दार बघितलं की झालं, माझं काम आटोपलं. आईनंच हात चेपला म्हटल्यावर आईकडे कोण देईल? मीसुद्धा दिली नसती.

कशाला घातला हात — हे विचारा ना. कुणीच विचारत नाही. सगळे म्हणतात अडाणी आहे. सातवी झाले मी, आठवीला नाव घातलं होतं तेवढ्यात लग्न. तर परवा सकाळी ठकूनं ह्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर शू केली. युनिफॉर्मवर. अंथरुणावरच ठेवला होता घडी करून, लेकराला काय कळतं. ह्यांनी तिला एका हातानं उचललं. असं — हाताला धरून, पिशवी उचलतात तसं — आणि फेकलं. भिंतीवर नाही, खाली. खाली पडताना हात ह्यांच्या मुठीतच होता, सोडलाच नाही. तेवढ्यात पिळला गेला. आवाज आला. दादा, तुम्ही शेंग मोडता ना, ओली नाही, वाळलेली — नको, तुम्ही स्क्रू घ्या, तो खाली पडला बघा.

मी धावले तर मला पट्ट्यानं. पट्ट्याच्या बकलकडून, ते नेहमीचंच आहे, त्याचं मी काही सांगत नाही. मला मारायचे त्याचा हिशेबच नाही माझ्याकडे. मोरीत डोकं दाबलं होतं एकदा, बादलीतल्या साबणाच्या पाण्यात, बुडबुडे मोजायला लावलेत म्हणत हसत होते. ते सोडा. मला एकच माहीत होतं की मला मारतो पण लेकीला बोट लावत नाही. हे मी सगळ्यांना सांगायचे. बहिणीला सांगायचे — अगं, पोरीवर जीव आहे हो त्याचा. गळ्यातल्या दागिन्यासारखं मिरवायचे ते वाक्य.

मोडलं-बिडलं काही नाही, मुरगळलंय, तेल लाव, म्हणाला. दवाखान्यात नेलं तर तुलाही तसंच नेईन, म्हणाला. आणि दोघांची पाळी एकच, तो गेटवर, मी वर, म्हणून लेकराला पदराखाली घेऊन कामाला आले. मागे काचेची भांडी धुतात ना, तिथं चिंध्यांवर निजवलं. हात असा फुगला, इथपर्यंत. बोटं गार. आणि ताई-बिई सगळी त्या दिवशी मीटिंगला, सबंध मजल्यावर मी एकटी आणि पिंजऱ्यातले उंदीर.

ह्या उंदरांचं तुम्हाला माहीत आहे का, इथं काय करतात? पाय मोडतात. मुद्दाम. तिकडे ते छोटं यंत्र आहे बघा, वरून वजन पडतं, टक्, की पाय मोडला. मग औषध देतात आणि हाड कसं जुळतं ते ह्या मशीनमध्ये बघत राहतात, त्यासाठीच घेतलंय ना हे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ओकारी आली. चष्मेवाली ताई हसली, म्हणाली मावशी, त्याला आधी झोपेचं औषध देतो, त्याला काही कळत नाही. वीस-बावीसची पोर, मला मावशी म्हणते, मी तिच्याहून फार तर चार वर्षांनी मोठी. झाडूवाली म्हटली की मावशीच. पण स्वभावानं चांगली आहे, मला स्क्रीनवर दाखवायची — हे बघा मावशी, इथं मोडलंय, ही काळी रेघ. आणि हे मागच्या महिन्यातलं, इथं गाठ दिसते ना, गाठ म्हणजे मोडून जुळलेलं. हाडाच्या अंगावर जसं काही घर बांधलंय कुणी. मी म्हटलं, दिसतंय की. भाकरीवर फोड येते तसं दिसतं.

उंदराला झोपेचं औषध देतात दादा. उंदराला.

तर ठकू कण्हत होती आणि हे मशीन चालूच होतं. ताई बंद करत नाही, परत तापायला वेळ लागतो म्हणते. मला एवढंच बघायचं होतं, काळी रेघ आहे की नाही. नसली तर तेल लावते. असली तर त्याला न विचारता दवाखान्यात, मग पुढं माझं काय व्हायचं ते होऊ दे. दवाखान्याच्या मशीनला खोली लागते, माणसं लागतात, चिठ्ठी लागते, बापाचं नाव लागतं. हे टेबलावर मावतं. आत हात मावतो लेकराचा. दार तेवढं लागत नव्हतं, मी पण आडवी उभी राहणार होते ना, म्हणून पट्टी.

आला फोटो. काळी रेघ होती. मनगटाच्या वर, तिरपी. आणि माझी नजर वर गेली — कोपराच्या खाली गाठ.

गाठ, दादा. जुनी. घर बांधलेलं.

झाकण माझ्या हातातून सुटून आतच पडलं. मागे एकदा मी कामावरून घरी गेले तर ठकू एक हात वर करत नव्हती. खाटेवरून पडली म्हणाला. सासूबाई तेल चोळत बसल्या होत्या, वर बघितलं नाही त्यांनी. दिवसच्या दिवस ती एकाच हातानं घास खायची आणि मी म्हणायचे, बघा कशी शहाणी, एका हातानं खाते. कौतुक करायचे मी. तो घरात, त्याची आई घरात, दोघांना माहीत आणि मी कौतुक करत होते. एखाद्याला किती फसवावं त्याला काही सीमा?

आणि तेवढ्यात तोच आला वर. जेवायची वेळ झालेली, डबा काढला तर झाकण नाही, झाकण शोधत आला. एवढंच. झाकणापायी. दारात उभा राहून बघतो तर लेक माझ्या काखेत, स्क्रीनवर तिचा हात, एवढा मोठा, पांढरा. मी त्याला गाठ दाखवली. बोट लावून दाखवली. म्हटलं, हे कधी मोडलं?

त्यानं नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "ते जुळलं ना? हेही जुळेल."

असं. भाजी आणायची राहिली तर उद्या आणू म्हणतात तसं.

मग त्याला नोकरीचं सुचलं. आवर हे, कुणी बघितलं तर दोघांना हाकलतील, माझं झाकण कुठाय, म्हणाला. झाकण आत राहिलं होतं, मशीनमध्ये. तो वाकला, हात आत घातला. उजवा. आणि ते मनगट, दादा, बरोब्बर चौकटीवर आलं. केसाळ मनगट, घड्याळाचा पट्टा, तोच हात ज्यानं — मी लेकीला खाली ठेवलं. आधी तिला नीट खाली ठेवलं, तिचं तोंड भिंतीकडे केलं. आणि दार लावलं.

बिजागरी म्हणून वाकली. आता बोलूनच बसले, तर असू दे.

एकदाच लावलं. — नाही. एकदा लावलं तर ते लागलंच नाही पुरतं, मध्ये हात होता ना, उसळून परत आलं. मग परत. सगळं अंग घालून. तो ओरडला, मी कधी ऐकला नव्हता त्याचा तसला आवाज, कुत्र्याच्या पायावरून गाडी गेल्यावर येतो तसा. तिसऱ्यांदा पाठ लावून रेटलं, असे पाय रोवून, कपाट सरकवतात तसं. आतमध्ये काहीतरी सरकलं ते मला पाठीत कळलं. शिशाचं दार ते. आणि दादा, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, देवाशपथ, उन्हातून आल्यावर पाणी पितो तसं बरं वाटलं. त्याच्या कपाळावरचा घाम बघून बरं वाटलं. माझं नाव घेऊन सोड म्हणाला, लग्न झाल्यापासून नाव घेतलं नव्हतं त्यानं, ए म्हणायचा. मी तशीच पाठ लावून उभी, आणि हात लांब केला, आणि बटण दाबलं.

का दाबलं ते विचारू नका. पट्टी होतीच लावलेली, मशीन तयारच होतं. बघायचं होतं मला. मला वाटत होतं, ह्याच्या आत काहीतरी दुसरं असणार. दगड असेल, खिळे असतील. तर हाडंच होती. ठकूची असतात तशीच, नुसती मोठी. मोडलेली. मला हसू आलं. मग सोडलं.

सोडल्यावर डाव्या हातानं दिलं त्यानं, हा ओठ, हे टाके. तेवढी ताकद होती. लेकीला काखेत घातलं आणि ओरडत खाली गेला, आणि जिन्यात पहिला माणूस भेटेपर्यंत गोष्ट तयार होती त्याची. काढायला गेलो तर चेपला. काय डोकं आहे बघा. रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या कानाशी आला, म्हणाला, तू गप्प, मी गप्प, पोरगी माझ्या आईकडे राहील, नाहीतर माझा हात मोडल्याबद्दल तुला आत टाकतो. म्हणून मी गप्प आहे. कुणाला काही बोलले नाही. तुम्हालाच काय ते — आणि तुम्हाला तरी का बोलले? तुम्ही दुरुस्तीला आलात. मशीनपुढं कुणी स्क्रू खोलत बसलं की मीही खुलते वाटतं.

फोटो आहेत ना आत अजून? सगळे राहतात, ताई म्हणते, आपण पुसल्याशिवाय जात नाही काही. तर माझं एक काम करा. तुमच्या पाया पडते. तो शेवटचा फोटो, त्याचा, तेवढा पुसून टाका. लेकीचा राहू द्या, तिची गाठ दिसू दे सगळ्यांना. त्याचा पुसा. तो दिसला तर मी गेले, मुद्दाम चेपला हे आंधळ्यालाही दिसेल. — त्यानंही हेच सांगितलं तुम्हाला? गेटवर? मशीन कोरं करा म्हणाला? सगळंच? बघा, नवराबायकोचं एक मत झालं कधी नव्हे ते, निदान अर्ध्या बाबतीत.

जमतं ना? एकच पुसता येतो ना? — मग पुसा. थांबलात का? काय बघताय एवढं? उघडलात होय. नको, मला नका दाखवू. दाखवा. हो, हीच ठकू, ही रेघ, ही गाठ, आणि हा खाली पांढरा चंद्र दिसतो ना, ते झाकण, छातीवर धरलेलं. आणि हा तो.

हे काय आहे त्याच्या हातात?

नाही, हे, बोटांच्या मध्ये. गोल. — झाकणच आहे हो. पकडलेलं झाकण. दार लागलं तेव्हा मुठीत झाकण होतं त्याच्या. सोडलंच नाही.

थांबा, दादा. बोट काढा तिथून. थांबा जरा, मला नीट बोलू दे, डोकं हळू चालतं माझं. तो म्हणतो, पोरीचा हात काढायला गेलो. मग पोरीचा हात कुठाय? इथं एवढा हात असता तर दिसला नसता? उंदराचं शेपूट दिसतं ह्याच्यात. नाही ना कुठं? तिचा फोटो आधीचा, वर वेळ पडलीय बघा, दार उघडं, हात आधीच मोडलेला. आणि हा नंतरचा, दार लागलेलं, आत तो एकटा आणि डब्याचं झाकण. त्याचा पुसला तर काय उरतं? वाकलेलं दार उरतं आणि माझ्या लेकीचा मोडका हात. दोन्ही शेजारी ठेवले की कुणीही म्हणेल, आईनं चेपला. मी माझ्याच हातानं त्याची गोष्ट खरी करून देत होते की. आणि तो बसलाय खाली, मशीन कोरं करा म्हणून, त्याला बरोब्बर कळलंय.

नका पुसू.

हो, मला कळतंय, आत टाकतील मला. तुम्ही नका सांगू, मघाशी तुमच्या हातातला पाना थांबला तेव्हाच कळलं. तीनदा लावलं दार, एकदा नाही, विचारतील तर तीनदा सांगेन. टाकू देत. लेक माझ्या थोरल्या बहिणीकडे जाईल, ती भांडकुदळ आहे, पोलिसाला सोडत नाही ती, सासूबाईंना काय सोडणार. मला नाही मिळाली तर नाही मिळाली. ती नाही मिळायला पाहिजे, त्या घराला. एवढंच. ह्याच्यापुढं माझं डोकं चालत नाही आणि चालायची गरजही नाही.

लागला का दिवा? हिरवा. छान झालं. लावून बघा परत, हळू — बघा, कसं गुपचूप लागतं, जसं काही झालंच नाही. ती चिकटपट्टी टाकू नका, इथं टेबलावर ठेवा, मॅडमना दाखवायची आहे. आणि ते झाकण त्या खिडकीत आहे, चेपलेलं, तेही राहू द्या.

चला, आवरा तुमची पिशवी. त्या येतील आता. तुम्ही इथं नसलेलेच बरे, उगाच तुम्हालाही विचारत बसतील. खाली गेटवर अडवेल तो, डाव्या हातानं सलाम करेल, काय झालं साहेब, कोरं केलं का म्हणेल. त्याला म्हणावं, फोटो सगळे आहेत, तुझाही फार सुरेख आलाय. आणि म्हणावं, दार आता नीट लागतं. जा दादा. तिकडून जा, इकडं ओलं आहे.